कुपी दहाची, बाळ एक

बदलीचा आदेश हातात पडला तेव्हा शहाद्याकडच्या माझ्या मैत्रिणींनी चक्क अभिनंदन केलं. त्यांचं गणित सोपं होतं. सपाटीवरच्या उपकेंद्राला पाच हजार लोकसंख्या, आदिवासी डोंगराळ भागातल्या उपकेंद्राला तीन हजार. म्हणजे माझं काम दोन हजारांनी कमी झालं. एक जण म्हणाली, "मजा आहे बाई तुझी, थंड हवेत पगारी सुट्टी." तोरणमाळ म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे यशवंत तलाव, सीताखाई आणि शाळेची सहल. बाकी खानदेशालाही तोरणमाळ तेवढंच माहीत असतं, त्यामुळे तिला दोष देत नाही.

मी आरोग्यसेविका. नोकरीची पहिली वर्षं तापीकाठच्या बागायती पट्ट्यात काढली. तिथलं पाच हजारांचं उपकेंद्र म्हणजे एक मोठं गाव आणि त्याला चिकटलेल्या दोन वस्त्या. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत जाऊन बसायचं, मदतनीस गल्लीत एक चक्कर मारून यायची आणि दहाच्या आत बायका लेकरं कडेवर घेऊन ओळीत उभ्या. कोणी राहिलीच तर तिचं घर हाकेवर. जेवायला घरी.

वर गेल्यावर कळलं की तीन हजार हा आकडा पाच हजारांपेक्षा मोठा असू शकतो.

तोरणमाळचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेअकराशे मीटरवर. राणीपूर, लक्कडकोट, काळापाणी करत सातपायरीचा घाट चढला की डांबरी रस्त्याचा भरवसा जवळजवळ संपतो. पुढे झापी, फलाई, सिंदीदिगर, केलापाणी अशी गावं डोंगराच्या घड्यांत पडलेली. महसुली कागदावर ती गावं असतात, जमिनीवर मात्र पाडे. आणि पाडा म्हणजेही घरांची रांग नव्हे. पावरा काय आणि भिल्ल काय, प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात. एका घरातून हाक मारली तर दुसऱ्या घरी ऐकू जाते, पण चहाला जायचं तर मधला नाला उतरून पुन्हा चढायचा. असे तीन हजार लोक. सपाटीवर मी माणसं मोजत होते, इथं तास मोजायला लागले. आठ घरांच्या एका पाड्यावर जाऊन यायला अख्खा दिवस, आणि अशा दिवसाचं काम अहवालात एका ओळीत मावायचं: लाभार्थी दोन.

लोकसंख्येची ही मापं जुनीच. उपकेंद्राला पाच आणि तीन हजार, प्राथमिक आरोग्य केंद्राला तीस आणि वीस हजार, ग्रामीण रुग्णालयाला एक लाख वीस हजार आणि ऐंशी हजार. डोंगराला सूट द्यायची हे कोणाच्या तरी मनात आलं, हे चांगलंच. पण सूट माणसांच्या आकड्यात दिली, वाटेच्या लांबीत दिली नाही. पुढे डोंगराळ आणि वाळवंटी भागांसाठी पाड्यापासून चालत अर्ध्या तासात उपकेंद्र हवं, अशी भाषा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कागदांत आली. ते वाचलं तेव्हा वाटलं, कोणीतरी एकदा तरी उन्हातून चाललेलं दिसतंय.

आता कुपीकडे येते, कारण मला मोठं-लहान हे सगळं शिकवलं ते तिनं.

लसीच्या बहुतेक कुप्यांत दहा बाळांची लस असते. पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लशीची, दहाची, पोलिओची त्याहून जास्त थेंबांची. या दोन्ही कुप्या उघडल्या तरी थंड आणि नीट राहिल्या, त्यांच्यावरचा उष्णता दाखवणारा चौकोन भोवतालच्या गोलाइतका गडद झाला नाही, तर अठ्ठावीस दिवस वापरता येतात. आज दोन बाळं झाली, उरलेली पुढच्या सत्राला. अडचण आहे ती बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या कुपीची. या लशी कोरड्या भुकटीच्या. सोबतच्या द्रावणात विरघळवल्या की घड्याळ सुरू. कुपी उघडल्याची वेळ लेबलवर लिहायची आणि चार तासांत संपवायची. उरली तर फेकायची, कारण विरघळवलेल्या लशीत जंतू शिरले तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. यात सवलत नाही.

सपाटीवर चार तासांत दहा बाळं मिळायची. पाड्यावर एकच. एक मुलगी, नऊ महिने पूर्ण, आई दारात उभी. डब्यात गोवरची एकच कुपी, दहाची. फोडायची का?

नियम स्पष्ट आहे: एकच बाळ असलं तरी कुपी फोडायची. तो नियम ज्यांनी लिहिला त्यांना माझा नमस्कार. पण नियम एका कागदावर असतो आणि महिन्याचा नासाडीचा तक्ता दुसऱ्या कागदावर. एका बाळाला एक मात्रा, नऊ वाया. नासाडी नव्वद टक्के. त्या तक्त्यावरून मला एकदा खुलासा विचारला गेला. मी लिहून दिलं, पाडा अमुक, घरं आठ, वयात बसणारं बाळ एक. पुढे कोणी काही बोललं नाही, पण असा कागद एकदा आला की पुढच्या वेळी कुपीच्या टोपणावर अंगठा ठेवताना तो आठवतोच. माझ्या ओळखीच्या एक-दोन मुली तर त्या भीतीनं आईला सांगायच्या, "पुढच्या महिन्यात या, चार-पाच बाळं जमली की देऊ." पुढच्या महिन्यात ती बाई ऊसतोडीला गेलेली असते.

हे सोडवायचे दोन रस्ते. एक, कुपी लहान करायची. गोवर-रुबेलाच्या पाच मात्रांच्या कुप्या बनतात, एकेका मात्रेच्याही बनतात. आपल्या पुण्याच्या सीरमसारखा कारखाना त्या बनवू शकतो. पण लहान कुपीत दर मात्रेचा खर्च वाढतो, काच वाढते, कचरा वाढतो, आणि मुख्य म्हणजे शीतपेटीतली जागा जास्त खाल्ली जाते. पुण्याच्या राज्य भांडारापासून आरोग्य केंद्राच्या आयएलआरपर्यंत, म्हणजे लशीच्या फ्रिजपर्यंत, प्रत्येक पायरीवर जागा मोजूनमापून असते. एका कुपीच्या जागेत दहा बाळांची लस बसते ती थोडकी गोष्ट नव्हे. माझ्या खांद्यावरच्या निळ्या डब्यात चार आइसपॅक आणि मध्ये जेमतेम वीसेक कुप्या. एकेका मात्रेच्या कुप्या दिल्या असत्या तर मला दोन डबे न्यावे लागले असते, आणि दोन डबे घेऊन मी नाला उतरले नसते.

डब्याचं सांगायचं राहिलं. सत्राच्या सकाळी आइसपॅक डीप फ्रीजरमधून काढले की लगेच डब्यात घालायचे नाहीत. ओट्यावर मांडायचे, घाम फुटू द्यायचा, आणि एकेक उचलून कानाशी हलवायचा. आत पाणी खुळखुळलं की तो डब्यात जाण्यालायक झाला. घाई करून दगडासारखा बर्फ घातला तर पेंटा गोठते आणि गोठलेली पेंटा दिसायला चांगली, कामाला शून्य. सकाळी सहाला निघायचं म्हणजे पाचला हा कानाचा कार्यक्रम. थंडीत तोरणमाळला पाचच्या सुमारास आइसपॅक कानाला लावून पाहा, मग सहलीच्या गप्पा करा.

दुसरा रस्ता, बाळं गोळा करायची. हा रस्ता मला आशाताईनं दाखवला. ती म्हणाली, "सिस्टर, तुम्ही पाड्यावर कशाला येता? बाया कुठं जातात तिथं बसा ना." बाया कुठं जातात? आठवड्याच्या बाजाराला. आणि वर्षातून एकदा भोंगऱ्याला. होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार म्हणजे आमच्याकडे दिवाळीच. गुजरातेत, पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला, वीटभट्टीला गेलेले सगळे त्यासाठी परत येतात. एरवी ज्या बाळांच्या नावापुढे मी महिनोन्महिने 'स्थलांतरित' लिहायची, ती तिथं आईच्या पाठीशी, नवीन झबली घालून. ढोल वाजतोय, गूळ-डाळ्यांची दुकानं लागलीत आणि आम्ही कडेला सतरंजी टाकून बसलोय. त्या दिवशी दहाची कुपी दहालाही पुरायची नाही, दुसरी फोडावी लागायची. तीच लस, तीच सिस्टर, तेच दहाचं माप, फक्त जागा बदलली की नासाडी शून्यावर. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेलाही असंच. मध्य प्रदेश, गुजरातेतून माणसांचा पूर येतो. पण यात्रेत एक धोका असतो. गोवर असलेलं एखादं लेकरू त्या गर्दीत आलं तर तेही गोवर वाटतच जातं. एकेकट्या घरांच्या आमच्या पाड्यांना अंतरानं थोडंफार वाचवलेलं असतं. २०२२ च्या शेवटी मुंबईच्या गोवंडीत गोवर घराघरात फिरला, तसा तो आमच्याकडे फिरत नाही. पण ऊसतोडीच्या खोपटांतून, यात्रेतून तो वर येतो आणि आला की लस न मिळालेल्या अशक्त पोराला सोडत नाही. म्हणून त्या एका मुलीसाठीही कुपी फोडायची. ती नऊ मात्रांची नासाडी असेलही. मी तिला नासाडी म्हणत नाही.

लहान-मोठ्याचा दुसरा धडा पोटाचा. अंगणवाडीत दंडघेराची पट्टी असते, पोराच्या डाव्या दंडाला गुंडाळायची. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आलं की लाल, साडेबारापर्यंत पिवळं. लाल म्हणजे सॅम, तीव्र कुपोषित. आया मला विचारायच्या, "जेवतो तर चांगला, मग लाल कसा?" आणि खरंच जेवायचा. आई पहाटे शेतावर जाताना ज्वारीची किंवा मक्याची मोठी भाकर मोडून द्यायची, संध्याकाळी आली की पुन्हा. घास मोठे, वेळा दोन. पण दोन वर्षांच्या पोराचं पोट केवढं? त्याच्याच मुठीएवढं. त्यात एका वेळी किती मावणार? त्याला हवं थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि त्यात चमचाभर तेल. हे सांगणं सोपं. पाच वेळा भरवायला घरात थांबणार कोण? सहा वर्षांची बहीण. अंगणवाडीतल्या ग्राम बालविकास केंद्राचा खरा उपयोग तिथं व्हायचा, कारण तिथं पदार्थ फार वेगळे नसले तरी वेळा जास्त असायच्या. मात्र मिनी अंगणवाडीत एकच बाई असायची. तिनं शिजवायचं, भरवायचं, वजनं घ्यायची, रजिस्टर लिहायचं. दीडशे लोकवस्तीला मिनी अंगणवाडी मिळायची ही मोठी सोय होती, पण मदतनीस नाही म्हटल्यावर चौथी-पाचवी वेळ कागदावरच भरवली जायची. संस्था लहान करताना काम लहान होतंच असं नाही, बाई मात्र निम्मी होते.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मी लहानाची वकिली करतेय. तसं नाही. लहान किती उघडं पडतं हे कळायला एक बाळंतपण पुरे.

पाड्यावर बाई अडली की झोळी. जाड बांबूला घोंगडी किंवा लुगडं बांधायचं, आत बाई, पुढे एक खांदा, मागे एक. चढावर खांदे बदलायला आणखी दोघं. म्हणजे कमीत कमी चार गडी, लांबची वाट असेल तर आठ. पावसाळ्यात पाड्यावर गडी असतात. दिवाळीनंतर आठ घरांच्या पाड्यावर चार धड खांदे नसतात. म्हातारे, पोरं, बकऱ्या. मग शेजारच्या पाड्यावर निरोप धाडायचा, तिथून माणसं यायची, तेव्हा झोळी उचलायची. बाळंतपणात एवढ्यात गेलेले दोन तास फार महाग. आठ घरांच्या पाड्याला एकमेकांची माया असते, ओळख असते, सगळं असतं, खांदे नसतात.

२०१४ मध्ये राज्यात १०८ ची सेवा आली, ९३७ गाड्यांची. मोठ्या गाडीत ऑक्सिजन, डॉक्टर, स्ट्रेचर. चांगली सेवा आहे, मी तिच्यामुळे वाचलेल्या बायका पाहिल्यात. पण ती डांबर संपतं तिथं थांबते. मग कोणीतरी मोटरसायकलवरच्या अँब्युलन्सची कल्पना काढली. तापाच्या, सर्पदंशाच्या पेशंटसाठी ती बरी. कळा देणाऱ्या बाईला मात्र आडवं निजावं लागतं, मोटरसायकलवर निजता येत नाही. नर्मदेच्या फुगवट्यावर बोटीतला तरंगता दवाखाना आहे, तो काठच्या गावांना उपयोगी. प्रत्येक वाहनाचा आपला आकार आणि आपली वाट. कोणतंही एक वाहन आमच्या डोंगराला पुरत नाही.

मग अडलेली बाई वर आणली तरी पुढे काय? उपकेंद्रात बाळंतपणाची खोली असावी असा आग्रह असतो. मीही सुरुवातीला त्याच मताची. पण खोली असणं आणि हात चालणं यात फरक आहे. ज्या उपकेंद्रात महिन्याला एखादं बाळंतपण होतं तिथं सिस्टरच्या हाताला सवयच लागत नाही. वार अडकली, रक्त थांबेना, तर काय करायचं हे पुस्तकात वाचलेलं असतं, हातात नसतं. सिव्हिलला दिवसरात्र बाळंतपणं करणारी नर्स घाम न पुसता जे करते ते पाड्यावरच्या हुशारातल्या हुशार बाईला जमत नाही. सिझेरियनला भूलतज्ज्ञ हवा, रक्तपेढी हवी, रात्री जागी असलेली लॅब हवी. यातलं काहीही छोटं करून झापीला नेता येत नाही. तिथं मोठंच लागतं.

मला त्यातल्या त्यात शहाणी वाटलेली योजना म्हणजे माहेरघर. तारीख जवळ आलेल्या बाईनं आठ-दहा दिवस आधीच आरोग्य केंद्राशेजारच्या खोलीत येऊन राहायचं, सोबत एखादी सासू किंवा बहीण आणि धाकटं पोर. दवाखाना लहान करून पाड्यावर न्यायचा नाही, रस्ता रुंद व्हायची वाट बघायची नाही, बाई आणि दवाखाना यांच्यामधले तास आधीच खर्च करून टाकायचे. बायका यायला कुरकुरायच्या, कारण मागे बकऱ्या कोण चारणार आणि थोरल्या पोरांना कोण जेवू घालणार. जिची जाऊ चांगली ती यायची. योजनेच्या यशाचं श्रेय मी अर्धं जावांना देते.

शाळांचंही मी जवळून पाहिलं, कारण शाळा म्हणजे माझं पल्स पोलिओचं बूथ. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नमुना म्हणून दोन ठिकाणांची नावं घेतली होती: पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि आमचं तोरणमाळ. तेव्हा राज्यात अशा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांहून जास्त होत्या. तोरणमाळला त्याआधीच पाड्यांवरच्या छोट्या शाळा मिळवून मोठी निवासी शाळा उभी राहिली होती. त्यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून आलं. बाजूनं लिहिणारे म्हणाले, पाड्यावरच्या शाळेत चार वर्गांना एक मास्तर आणि तोही तालुक्याला मीटिंगला गेलेला. विरुद्ध लिहिणारे म्हणाले, शिक्षण हक्काच्या कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत म्हटलीय, सहा वर्षांचं पोर आईपासून तोडून वसतिगृहात का ठेवायचं?

दोघांचंही खरं आहे, मी फक्त माझ्या रजिस्टरमधून दिसलेलं सांगते. मोठ्या निवासी शाळेत दहा आणि सोळा वर्षांच्या टीडीच्या, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या, लशी एका सकाळीत शेकड्यानं होतात. कुपी वाया जात नाही, कोणी सुटत नाही. हिमोग्लोबिन तपासणी, जंताच्या गोळ्या, डोळे, दात, सगळं एका छताखाली. त्याच छताखाली कोणत्याही मोठ्या वसतिगृहात एकाला खरूज झाली की आठवड्यात साऱ्या खोलीला. डोळे आले की सगळ्यांचे. मोठ्या संख्येत चांगलं जेवढ्या वेगानं पसरतं तेवढ्याच वेगानं वाईटही. आणि पाड्यावर काय झालं? शाळा गेली तसा मास्तरही गेला. मास्तर चांगला शिकवत होता की नाही, हा वाद चालू दे. पण पाड्यावर लिहिता-वाचता येणारा, फोन लागेल ती टेकडी माहीत असलेला, बाळाचा जन्मदाखला भरून देणारा आणि "सिस्टर उद्या येणारेत" हा निरोप घरोघरी देणारा माणूस तोच होता. शाळेचा हिशोब करताना पट मोजला, या कामांचा रकाना कोणत्याच विभागाच्या फॉर्ममध्ये नव्हता.

लसीवरून विजेकडे जायला वेळ लागत नाही, कारण बर्फ विजेचा. आमच्या अक्राणी तालुक्यातच, बाराधारी धबधब्याचं बिलगाव आहे. तिथं २००३ साली लोकांनी श्रमदान करून ओढ्यावर छोटा बंधारा घातला. केरळच्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'च्या तंत्रज्ञांनी आणि नर्मदा बचाव आंदोलनानं मिळून पंधरा किलोवॅटचं जलविद्युत केंद्र उभं केलं. पाड्यांवर दिवे लागले. 'स्वदेस' चित्रपटात गाव मिळून वीज तयार करतं, तो भाग अनेकांना बिलगावाची आठवण करून देतो. पंधरा किलोवॅट म्हणजे शहरातल्या एखाद्या मंगल कार्यालयाची रोषणाई. पण ती बिघडली तर दुरुस्त करणारी पोरं गावचीच होती.

त्याच खोऱ्याच्या खाली सरदार सरोवर. १,४५० मेगावॅट, बिलगावच्या जवळजवळ लाखपट. त्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. आणि अक्राणी-अक्कलकुव्याची ३३ गावं त्याच्या पाण्याखाली किंवा पाण्याच्या तोंडाशी. मोठ्या धरणानं गुजरातेतल्या कोरड्या भागाला पाणी दिलं, ते मी नाकारणार नाही. तहानलेल्यानं पाणी कुठून आलं ते विचारू नये, असं म्हणणारी माणसं माझ्या नात्यातही आहेत. पण ज्यांच्या डोंगरावरून ती नदी वाहत होती त्यांच्या चुलीपाशी त्या विजेचा बल्ब कितीतरी वर्षं लागला नाही. आणि २००६ च्या पावसाळ्यात धरणाचं फुगलेलं पाणी बिलगावात शिरलं, तेव्हा पंधरा किलोवॅटचं केंद्र बुडालं. ते चालत नव्हतं म्हणून बंद पडलं, असं कोणीही म्हणू शकत नाही. लहानाचं हे दुखणं मला सर्वात मोठं वाटतं. ते उत्तम चालू शकतं, स्वस्त पडू शकतं, लोकांच्या हातात राहू शकतं, आणि शेजारच्या मोठ्यानं अंग पसरलं की त्याचं काही चालत नाही. लहानाला टिकवायचं असेल तर मोठ्यानं जागा सोडावी लागते. ते नियमात लिहून ठेवल्याशिवाय होत नाही.

लहान-मोठ्या मीटिंगांबद्दल फार लिहीत नाही. शंभर आशाताईंना सभागृहात बसवून पडद्यावर दाखवलेलं प्रशिक्षण आणि चुलीभोवती सहा जणींशी झालेली बोलणी, यातलं कुठलं पाड्यावर उतरलं हे कोणत्याही आशाताईला विचारा. पण शंभर जणींच्या त्या मीटिंगमध्येच त्यांची एकमेकींशी ओळख झाली आणि थकलेल्या मानधनासाठी त्या एकत्र उभ्या राहिल्या, हेही खरं. सहा जणींनी मोर्चा काढला असता तर कोणी खिडकीतून डोकावलंही नसतं.

आता निवृत्त झालेय, शहाद्याला राहते. नव्यानं रुजू झालेल्या मुली फोन करतात. त्यांना मी मोठं काही सांगत नाही. सांगते ते एवढंच: नकाशावरची लोकसंख्या वाचू नका, आधी वाट विचारा. बाजाराचा वार आणि भोंगऱ्याची तारीख ड्यू लिस्टच्या, म्हणजे लस द्यायच्या बाळांच्या यादीच्या, वर लिहा. पाड्यावर कोणत्या महिन्यात किती गडी असतात ते आशाताईकडून लिहून घ्या, गरोदर बाईची तारीख त्या महिन्यात येत असेल तर माहेरघराची बोलणी सातव्या महिन्यातच सुरू करा, आणि तिच्या जावेशीही बोला. दारात एक बाळ उभं असेल तर कुपी फोडा.

आणि जिल्ह्याच्या, राज्याच्या कचेऱ्यांत बसून तक्ते तपासणाऱ्यांना एक विनंती. एखाद्या उपकेंद्राची गोवर-रुबेलाची नासाडी जास्त दिसली, तर खुलाशाचा कागद काढण्याआधी त्या सत्राला जायला-यायला किती तास लागले आणि पाड्यावर त्या वयाची बाळं होती किती, हे विचारून घ्या. मासिक अहवालात हे दोन रकाने वाढवायला खर्च काहीच नाही. माझ्या वेळच्या नमुन्यात ते नव्हते.